वुजूचे पाणी आणि गच्चीवरचा सांभार

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता. शाळेत वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक लागले होते आणि नेमक्या त्याच दिवसांत मला गच्चीवर बाग करण्याची हौस आली. एका प्रदर्शनातून मी बारा पिशव्या, तयार मातीची पोती, खतांचे डबे आणि टमाटर, सिमला मिरची, एवढेच काय, स्ट्रॉबेरीचीही रोपे घेऊन आले. एकूण खर्च ४,२०० रुपये. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टमाटरला पिवळी फुले आली, तेव्हा मी त्यांचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर एकही रोप जिवंत नव्हते. सकाळी पाणी घालावे तर दुपारी पिशवी तव्यासारखी तापलेली असे.

माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो, त्या एका संध्याकाळी जिना चढून वर आल्या. वाळलेल्या काड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "बेटा, मई में तो चिड़िया भी छाँव ढूँढती है. तूने टमाटर को छत पे खड़ा कर दिया."

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. प्राथमिकच्या वर्गांना परिसर अभ्यासही शिकवला आहे. झाडाला काय लागते, असा प्रश्न विचारला की मुले एका सुरात सांगतात: माती, पाणी, हवा आणि सूर्यप्रकाश. फळ्यावर हे उत्तर बरोबर आहे. नागपूरच्या गच्चीवर मात्र मे महिन्यात सूर्यप्रकाश जितका कमी मिळेल तितके बरे. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा गावात बाग कधी सुरू करायची, हा पहिला प्रश्न आहे. काय लावायचे, हा दुसरा.

घरी थोडी भाजी पिकवावी, चार पदार्थ घरी करावेत, असे आज अनेक भगिनींना वाटते. फवारलेल्या भाजीची धास्ती आहे, महागाई आहे आणि मुलांना मातीत हात घालू द्यावा असेही वाटते. पण सुरुवात बहुतेक वेळा माझ्यासारखीच होते, म्हणजे खरेदीने. माझी दुसरी सुरुवात अम्मींच्या पद्धतीने झाली आणि ती टिकली. ती कशी झाली, ते सांगते.

"आज मी काय करू?"

अम्मी काटोलच्या. संत्र्यांचा तो मुलूख. तिथल्या घरामागे मोठा परस होता. मुनगा, लिंबू, कडीपत्ता, पावसाळ्यात अंबाडी आणि कोहळ्याचा वेल, शिवाय पाच-सहा कोंबड्या. सासऱ्यांचे इंतकाल झाले आणि इद्दतचे चार महिने दहा दिवस पूर्ण झाल्यावर आम्ही त्यांना नागपूरला घेऊन आलो. एकटे कसे ठेवणार?

त्या रोज सकाळी मला विचारायच्या, "आज मी काय करू?" मी शाळेच्या गडबडीत म्हणायची, "काही करू नका अम्मी, आराम करा." मला वाटे, मी चांगली सून आहे. पण हळूहळू त्यांनी विचारणे बंद केले. नमाज, तसबीह आणि पलंग. जेवण कमी झाले, बोलणे त्याहून कमी. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितले की वयाच्या मानाने तब्येत ठीक आहे.

माझी रोपे मेली त्या संध्याकाळी अम्मी कित्येक दिवसांनी गच्चीवर आल्या होत्या. रिकाम्या पिशव्यांतली माती त्यांनी बोटांनी चुरडून पाहिली आणि विचारले, "पाणी कोणते घालायचीस?" मी म्हटले, "नळाचे." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फजरला उठले तर बेसिनजवळ एक टब आणि तोटीचा जुना लोटा ठेवलेला होता. अम्मी त्या टबावर बसून वुजू करत होत्या.

वुजूचे पाणी कुठे जाते?

आपल्याकडे नळ मोकळा सोडून वुजू करण्याची सवय सगळ्यांनाच लागली आहे. आम्ही एकदा घरीच मोजून पाहिले. माझ्या मुलाने नळ सुरू ठेवून वुजू केला आणि खाली बादली ठेवली. साडेपाच लिटर पाणी जमले. मग त्याने अम्मींच्या लोट्याने वुजू केला. पाणी लागले दीड लिटरपेक्षा थोडे कमी. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करत, असे हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत आले आहे. मुद म्हणजे ओंजळभर माप, आजच्या हिशेबाने पाऊण लिटरच्या आतबाहेर. आम्ही अजून तिथवर पोहोचलेलो नाही.

आमच्या घरात पाच माणसे. पुरुष मंडळींच्या काही नमाज मशिदीत होतात. तरी दिवसभरात टबात वीस लिटरच्या आसपास पाणी जमते. वापरलेल्या या पाण्याने, हनफी मसलकानुसार, पुन्हा वुजू होत नाही. पण ते पाक असते आणि झाडांना घालायला काहीच अडचण नाही. त्यात साबण नसतो, ही सर्वांत मोठी सोय. भांडी घासलेले किंवा कपडे धुतलेले पाणी कुंडीत घालू नये. साबण आणि सोड्याने माती कडक होते. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी मात्र चालते.

एक काळजी आवर्जून घ्यावी. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडाभरात त्या अंड्यांतून डास तयार होतात. म्हणून टबातले पाणी रोजच्या रोज संपवावे, बादलीला झाकण ठेवावे आणि कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नये. बागेच्या नादात घरात आजार आणायचा नाही.

नागपूरला पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते. उन्हाळ्यात काही वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा शहरात पिण्याचे पाणी कुंड्यांत ओतून पिकवलेल्या पालकाची फुशारकी मारू नये, हे मला अम्मींच्या टबाने शिकवले. किती कुंड्या ठेवाव्यात याचा हिशेबही त्यातूनच निघाला: वुजूच्या पाण्यात जितक्या भिजतील तितक्याच. आमच्याकडे त्या चौदा आहेत.

माती विकत आणू नका, तयार करा

दुसरी गोष्ट मातीची. विदर्भाची काळी माती कापसाला उत्तम, पण कुंडीत एकटी भरली तर पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हात तिला भेगा पडतात. अम्मींनी साधे प्रमाण सांगितले: एक वाटा माती, एक वाटा कुजलेले खत आणि एक वाटा काहीतरी हलके. हलके म्हणजे वाळलेला पाला, किंवा धानाचे तूस. भंडारा-गोंदिया भागात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना तूस सहज मिळते.

खत घरीच होते. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्यावी, स्वच्छ धुवावी आणि तापलेल्या सळईने बुडाला व बाजूंना भोके पाडावीत. तळाशी वाळलेला पाला. त्यावर भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले. प्रत्येक थरावर पुन्हा पाला. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट पाला पडला तर वास येत नाही. वास आलाच तर समजावे की ओल जास्त झाली. पाला वाढवावा आणि काठीने हलवावे. साधारण दोन ते तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाचे खत तयार होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळाची पानगळ होते, तेव्हा पोते भरून पाला जमवून ठेवावा. तो वर्षभर पुरतो.

संत्र्याच्या मोसमात साली खूप जमतात. त्या एकदम ढीगभर टाकू नयेत. बारीक तुकडे करून थोड्या थोड्या घालाव्यात. हाडे, मांसाचे तुकडे आणि तेलकट रस्सा बादलीत अजिबात नको. विशेषतः बकरी ईदनंतर हे पाळावे. मांजरे, कावळे आणि दुर्गंधी यांनी शेजाऱ्यांना त्रास झाला तर बागेतली बरकत गेली म्हणून समजा. तो कचरा पिशवीत नीट बांधून महानगरपालिकेच्या गाडीतच द्यावा.

शिळ्या पोळ्या बादलीत टाकायला मी निघाले होते. अम्मींनी हात धरला. "हे अन्न आहे, कचरा नाही," म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा गूळ-तूप घालून मलिदा केला. कुरआनमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक दिली आहे, पण त्याच ठिकाणी उधळपट्टीची मनाईही केली आहे. खताची बादली ठेवली म्हणून अन्न वाया घालवायला परवाना मिळत नाही.

स्वयंपाकघराचा कचरा आणि गच्ची यांची जोड मोठ्या प्रमाणावरही बसू शकते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या कॅटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास हाच प्रयोग केला. हजारो कर्मचाऱ्यांच्या जेवणातून रोज निघणारा भाजीपाल्याचा कचरा त्यांनी गच्चीवरच जिरवला आणि तिथे फळझाडे व भाज्या उभ्या केल्या. त्याही शेतकरी म्हणून तिथे गेल्या नव्हत्या. रोजचा कचरा समोर दिसत होता, त्याचे काय करायचे यातून त्यांची बाग सुरू झाली.

नागपूरचे तीन हंगाम

वहीत मी अम्मींच्या सांगण्यावरून एक वेळापत्रक लिहिले. आपल्या भागातील भगिनींनी ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

पहिला हंगाम मृगापासून, म्हणजे साधारण ७ जूननंतर. मात्र पहिला चांगला पाऊस होऊ द्यावा. नवख्यांनी सुरुवात याच वेळी करावी. अंबाडी, चवळी, भेंडी, दोडके, पोई आणि मिरचीचे रोप लावावे. यात अंबाडी सर्वांत सोपी. तिची पाने भाजीला होतात, आणि लाल अंबाडी लावली तर हिवाळ्याच्या तोंडाला तिच्या लाल बोंडांचे शरबत आणि चटणी. बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या काड्या पाण्यात ठेवल्या तर आठवडाभरात मुळे धरतात. त्यांना स्वतंत्र कुंडी द्यावी, कारण पुदिना दुसऱ्याला जागा ठेवत नाही.

दुसरा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. नागपूरची थंडी पालेभाज्यांसाठी फार चांगली. मेथी, पालक, मुळा, लसणाची पात, टमाटर आणि सांभार, ज्याला पुण्या-मुंबईकडे कोथिंबीर म्हणतात. मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच पेरावी. तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढणीला येते. सांभारासाठी डब्यातले धणे हलक्या हाताने रगडून दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवून पेरावेत. आठ ते बारा दिवस धीर धरावा लागतो. या दोन्हींना सहा इंच खोलीची जुनी पेटी किंवा टोपलेही पुरते. टमाटर-वांग्याला मात्र वीस लिटरची बादली द्यावी.

तिसरा हंगाम मार्च ते मे. या काळात नवीन काही लावायचे नाही. पुदिना, कडीपत्ता आणि पोई यांच्या कुंड्या भिंतीच्या सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, मातीवर पाल्याचा जाड थर द्यायचा आणि पाणी सूर्य उगवण्याआधी घालायचे. बाकीच्या कुंड्या रिकाम्या करून त्यांत खत आणि पाला भरून ठेवायचा. माणसाला जशी सुट्टी लागते तशी मातीलाही लागते.

गच्चीबद्दल दोन गोष्टी. ओल्या मातीची वीस लिटरची बादली पंचवीस किलोच्या आसपास भरते. म्हणून कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या कडेने, विटांवर ठेवाव्यात. घर भाड्याचे असेल तर आधी मालकाची परवानगी घ्यावी. गच्ची नसेल तर खिडकीत दोन कुंड्याही पुष्कळ.

जे ऊन रोप जाळते तेच शेवया वाळवते

मे महिन्यात गच्ची रिकामी झाली तेव्हा मी अम्मींना म्हटले, "आता जूनपर्यंत सुट्टी." त्या हसल्या. "सुट्टी कसली? आता तर काम सुरू."

त्या उन्हात आम्ही जुन्या साड्या अंथरल्या. ज्या उन्हाने माझी रोपे नेली, त्याच उन्हात शेवया एका दिवसात खडखडीत वाळल्या. मुगवड्या झाल्या, बटाट्याचा कीस झाला, भिवापुरी मिरची वाळली. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातले. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तसेच ते वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीलाही आहे. दोन्ही आपल्या दाराशी असताना आपण रंगीत पाकिटातली पूड का आणावी?

कुरडया अम्मींना येत नव्हत्या. त्या शेजारच्या काकूंनी शिकवल्या. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, मीठ घालून शिजवायचा आणि सोऱ्यातून उन्हात घालायचा. काकूंनी अम्मींकडून शेवया शिकून घेतल्या. पुढच्या ईदला शिरखुर्मा आमच्या घरी झाला, पण त्यातल्या शेवया दोन घरांच्या हातच्या होत्या. काकूंनी डबा उघडून आधी त्याच पाहिल्या.

घरी केलेले म्हणजे आपोआप चांगले, असे मात्र समजू नये. घरच्या अन्नालाही नियम आहेत. कैरीच्या लोणच्यात एक किलो फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ हवे. फोडी, बरणी आणि चमचा पूर्ण कोरडा हवा आणि तेल फोडींच्या वर यायला हवे. बुरशी दिसली तर वरचा थर काढून बाकीचे खाऊ नये. ती बरणी गेली. आले-लसणाचे वाटण फ्रीजमध्ये ठेवावे आणि आठवड्यात संपवावे. कच्चा लसूण तेलात बुडवून दिवसेंदिवस बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. त्यात घातक विष तयार होऊ शकते आणि त्याला वासही येत नाही. संत्र्याचे सरबत करताना बिया चिरडू नयेत आणि पांढरी साल राहू देऊ नये, नाहीतर नागपुरी संत्र्याचा रस काही वेळाने कडू होतो.

नवख्यांनी एकदम सगळे करू नये. आधी दही, मग एखादी चटणी, मग एखादे लोणचे. एक पदार्थ हाताला बसला की दुसरा. रमजानमध्ये त्याचा खरा उपयोग कळतो. सध्या रमजान हिवाळ्याच्या अखेरीस येतो आणि त्या दिवसांत कुंडीत सांभार आणि पुदिना भरात असतात. इफ्तारला अर्धा तास असताना कुणाला बाजारात पळवावे लागत नाही. मुलगा वर जातो, मूठभर तोडून आणतो.

काही भगिनी विचारतात, हे विकता येईल का? येईल, पण घरून खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करावी लागते. शिवाय ताई-खालांनी कौतुक केले म्हणून लगेच धंदा सुरू करू नये. एक वर्ष घरी खाऊन, खराब झालेल्या बरण्या मोजून मग ठरवावे.

ही नवी फॅशन नाही

आज याला मोठमोठी नावे आहेत. पण नागपूरहून ७५ किलोमीटरवर वर्ध्याला जा. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीतून त्याचे काम पाहिले. जात्यावरचे पीठ, हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, मधमाश्या, हे त्यांच्या अभ्यासाचे आणि प्रयोगाचे विषय होते. तिथले मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ पासून आजही उभे आहे. मुलांना एकदा दाखवून आणावे. आपले अन्न कोणाच्या हातून, कसे तयार होते, हा प्रश्न तिथे प्रत्येक दालनात समोर येतो.

आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. त्यांना शाळा मिळाली नाही. पण त्यांनी आपल्या परसात गावरान बियाणे जपले, वाढवले, इतर बायांना वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी.एड.ची पदवी असलेल्या माझ्यासारखीने त्यांची गोष्ट वर्गात सांगावी, टाळ्या घ्याव्यात आणि घरातल्या पलंगावर तसेच शहाणपण "आराम" करत बसलेले असावे, याची मला आता लाज वाटते.

प्रेषितांच्या (स.) एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा आहे की मुसलमानाने झाड लावले किंवा पेरणी केली आणि त्यातून माणसाने, जनावराने वा पाखराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते. आमच्या टमाटरवर पोपट येतात. पहिल्या वर्षी मी त्यांना हाकलत असे. आता अम्मी हाकलू देत नाहीत. म्हणतात, "त्यांचा हिस्सा त्यांना खाऊ दे, तुझ्या हिशेबात वरती जमा होतोय."

हिशेब

आता खालचाही हिशेब सांगते, कारण वाचकांना तो हवाच असतो. दुसऱ्या वर्षी माझा खर्च सहाशे रुपयांच्या आत आला. हिरवी जाळी, थोडी माती, दोन-चार रोपे, बस. हिवाळ्यात आठ-दहा आठवडे आम्ही मेथी, पालक आणि सांभार विकत घेतले नाहीत. पुदिना आणि कडीपत्ता वर्षभर घरचा. गहू, तांदूळ, डाळ, तेल, कांदे, मटण सगळे दुकानातूनच येते. चौदा कुंड्यांनी घर चालत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पैशांची बचत झाली, पण ती शिक्षिकेच्या पगारात दिसेल एवढी नाही.

दिसले ते दुसरेच. कचऱ्याची आमची पिशवी निम्म्यावर आली. मुलगा न सांगता नळ बंद करतो. आणि अम्मी सकाळी मला "आज मी काय करू?" असे विचारत नाहीत. आता मीच शाळेत निघताना विचारते, "अम्मी, आज काय करायचे?" आणि त्या सांगतात: मेथी काढ, बादली हलव, काकूंना सांभार दे.

पहिली जुडी कधीही आमच्या घरात शिजत नाही, हा त्यांचा नियम. ती शेजारी जाते. सूरह अनआममध्ये पीक काढण्याच्या दिवशी त्यातला हक्क देण्याची ताकीद आहे. मूठभर सांभारावर शरियतचा उश्र लागू होतो की नाही, हा प्रश्न अम्मींना कधी पडला नाही. पिकले तर द्यायचे, एवढेच त्यांना ठाऊक.

या वर्षी त्यांचे गुडघे फार दुखतात. रोज जिना चढणे होत नाही. हिवाळ्यात त्यांनी मला मेथीच्या दोन कुंड्या तोडू दिल्या नाहीत. त्या फुलू दिल्या, शेंगा धरू दिल्या, वाळू दिल्या. मग खाली चादरीवर बसून त्यांनी बी झाडले, पाखडले आणि एका जुन्या तंबाखूच्या डबीत भरले. डबीवर काय लिहायचे ते मला विचारले. मी मराठीत लिहू की उर्दूत, असे विचारल्यावर म्हणाल्या, "दोन्हीत लिही. तुझ्या सुनेला कोणती येईल, कोणाला माहीत?"

भगिनींनो, तुमच्या घरातही अशी एखादी अम्मी, आजी, खाला बसलेली असेल, जिला आपण प्रेमाने आराम करायला सांगितले आहे. या मृगाला बाजारात जाण्याआधी तिच्याजवळ जाऊन बसा. एक जुनी बादली, पसाभर अंबाडीचे बी आणि वुजूचे पाणी एवढ्यावर सुरुवात होते. बाकीचे ती सांगेल. अल्लाह आपल्या हातांना आणि त्यांच्या दिवसांना बरकत देवो. आमीन.